आणि गुडघा गेल्यावर?

लोंढ्याच्या प्लॅटफॉर्मवर कधी गाडीची वाट पाहिली नाही असा गोंयकार विरळाच. बेळगावचं इस्पितळ, बेळगावच्या साड्या, बेळगावचा कुंदा, बेळगावची सोयरीक... कशासाठी का होईना, घाट चढला की लोंढा आलंच. मुरगांवहून वर आलेला रेल्वेमार्ग इथं मिरज-हुबळीच्या मार्गाला मिळतो, एवढंच ह्या गावाचं बाहेरच्या जगाला माहीत असलेलं महत्त्व. खानापूर तालुक्यातलं गाव. पाट्या कन्नड, बोलणं मराठी, आणि चहावाल्याला तिन्ही-चारी भाषा येतात.

सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन बेळगावला झालं. त्यांना मेव्हण्याकडे ठेवून मी एकटाच परत निघालो होतो. लोंढ्याला कळलं की घाटात काहीतरी अडलंय, दोन तास तरी गाडी हलणार नाही. पाऊस मी म्हणत होता. बाकावर बसलो आणि वेळ जाईना म्हणून मोबाईल काढला. माझा एक भाचा पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडात स्विंडनला गेलाय. (आमच्याकडे आता घरटी एक तरी असा भाचा असतोच.) त्याला तिथं रग्बीचं वेड लागलंय आणि तो मला सामन्यांचे तुकडे पाठवत असतो. मला त्यातलं फारसं कळत नाही, पण भाचा पाठवतो म्हणून मी पाहतो.

शेजारी एक म्हातारा बसला होता. पासष्टी उलटलेली. अंगात सिक्युरिटीचा निळा शर्ट, पायाशी रेक्झिनची पिशवी. त्याच्याकडे लक्ष गेलं ते कानांमुळे. दोन्ही कान कणकेचा गोळा मुठीत दाबून सोडावा तसे. घाटावरच्या माणसाला सांगायला नको, पण आपल्या गोव्यातल्या वाचकांसाठी सांगतो : हे पैलवानाचे कान. मातीवर, समोरच्याच्या डोक्यावर, खांद्यावर घासून घासून कानाच्या कातडीखाली रक्त साकळतं आणि मग ते तसंच घट्ट होऊन बसतं. पुन्हा तो कान सरळ होत नाही.

म्हातारा माझ्या मोबाईलमध्ये डोकावत होता. थोड्या वेळानं म्हणाला, "सायेब, ह्येंचे बी कान मोडल्यात की!"

मी नीट पाहिलं. खरंच की! इतके दिवस तुकडे पाहतोय, पण माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. चिखलानं माखलेले ते धिप्पाड गोरे आणि काळे गडी, आणि त्यातल्या कितीतरी जणांचे कान ह्या म्हाताऱ्यासारखेच.

"ह्या पोरास्नी पगार किती?" त्याचा दुसरा प्रश्न.

मी सांगितलं, चांगला खेळणाऱ्याला वर्षाला कोटीच्या घरात मिळत असेल. त्यानं मान हलवली. तो आकडा त्याला फार मोठा वाटला असं काही दिसलं नाही. मग त्यानं तिसरा प्रश्न विचारला.

"आनि गुडघा गेल्यावर?"

वाचकहो, आजचा हा लेख त्या तिसऱ्या प्रश्नावर आहे. त्या वेळी मला उत्तर देता आलं नाही. आता थोडंफार वाचून, भाच्याला पिडून जे कळलं ते मांडतो, आणि ते मांडताना आपल्याच काही लोकांशी भांडणारही आहे. त्यात मीही आलो.

आधी रग्बीबद्दल दोन शब्द. एका संघात पंधरा खेळाडू. त्यातले आठ फॉरवर्ड, म्हणजे रेटारेटीचे गडी. दोन्हीकडचे आठ-आठ जण खांदे भिडवून वाकतात आणि एकमेकांना रेटतात, त्याला स्क्रम म्हणतात. पुढे तीन, मध्ये दोन, मागे तीन. मागच्या तिघांना 'बॅक रो' म्हणतात. पाठीवर ६, ७ आणि ८ हे आकडे. स्क्रम सुटला की ह्या तिघांनी सर्वांत आधी धावायचं, चेंडू घेऊन येणाऱ्याला कमरेत घालून पाडायचं, आणि पडलेल्याच्या अंगावर वाकून चेंडू ओढायचा. तो ओढत असताना समोरचे दोन-तीन गडी धावत येऊन त्याच्या मानेवर, पाठीवर आदळतात. हे ऐंशी मिनिटं. शेवटी चेंडू घेऊन रेषेपार जाणारा आणि टाळ्या मिळवणारा बहुतेक वेळा भलताच कुणीतरी असतो. आपल्या कबड्डीत चढाई करणाऱ्याचं नाव गावभर होतं आणि घोटा धरून ठेवणारा कोपऱ्याचा गडी कुणाच्या लक्षात राहत नाही, तसंच.

हा खेळ आपल्याला अगदीच परका आहे असं समजू नका. इंग्लंड आणि स्कॉटलंड दरवर्षी ज्या करंडकासाठी लढतात त्याचं नाव 'कलकत्ता कप'. १८७० च्या दशकात कलकत्त्यात साहेबांनी रग्बीचा क्लब काढला, तो चालेना, म्हणून बंद करताना बँकेतले चांदीचे रुपये काढून, वितळवून हा करंडक घडवला आणि विलायतेला पाठवला. त्याच्या मुठी नागांच्या आहेत आणि झाकणावर हत्ती. आपल्या रुपयांची चांदी तिकडे गेली, खेळ मात्र इथं रुजला नाही. २०२३ साली राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या तेव्हा सात-सात जणांची रग्बीही त्यात होती. आपल्यापैकी किती जण पाहायला गेले होते? मीही गेलो नव्हतो.

आता पगाराकडे येऊ. रग्बी युनियन हा खेळ १९९५ च्या ऑगस्टपर्यंत हौशी होता. खेळण्याबद्दल पैसा घेणं हा गुन्हा. त्याच्या शंभर वर्षं आधी, १८९५ साली, उत्तर इंग्लंडातले क्लब फुटून बाहेर पडले होते. कारण काय? तिथले खेळाडू खाणीत, गिरणीत काम करणारे. सामन्यासाठी पाळी बुडाली तर बुडालेल्या मजुरीची भरपाई द्या, एवढंच त्यांचं मागणं. लंडनच्या बाजूचे सभ्य गृहस्थ म्हणाले, छे, पैसा आला की खेळ बाटतो! ज्यांची मजुरी कधी बुडालीच नव्हती, त्यांना खेळाच्या पावित्र्याची काळजी.

हे वाचलं आणि मला आपल्याकडचं एक वाक्य आठवलं. "पूर्वीचे पैलवान काय पैशासाठी लढत होते? इज्जतीसाठी लढत होते!" हे वाक्य मी बऱ्याच भाषणांत ऐकलंय आणि प्रत्येक वेळी बोलणाऱ्याचं पोट भरलेलं होतं. अहो, पूर्वीचा पैलवान इज्जतीसाठी लढू शकत होता, कारण त्याच्या दुधा-तुपाचा खर्च राजा करत होता. शाहू महाराजांनी तालमींना आश्रय दिला, १९१२ साली कोल्हापुरात खासबागचं मैदान उभं राहिलं. १९४९ साली कोल्हापूर संस्थान विलीन झालं आणि पैलवानाचा पोशिंदा गेला. त्यानंतर तो खर्च कुणी केला? बापानं केला. दावणीची म्हैस पोराला लागली, घरातल्या बाकीच्या पोरांच्या वाटचं दूध त्याला लागलं, बदामासाठी उसाचं बिल गेलं, आणि काही घरांत जमिनीचा तुकडाही गेला. ही गुंतवणूक नव्हे तर काय? ती बुडाली तर त्याची भरपाई कोण देतो?

ह्या सीमाभागानं देशाला पहिला हिंदकेसरी दिला. श्रीपती खंचनाळे. चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे. निपाणीच्याच बाजूचा मुलूख. जन्म १९३४ चा. कोल्हापूरच्या तालमीत तयार झाले आणि १९५९ साली दिल्लीत पंजाबच्या पैलवानाला पाडून हिंदकेसरीची गदा मिळवली. १४ डिसेंबर २०२० रोजी कोल्हापुरातच वारले. आता जरा नकाशा डोळ्यांसमोर आणा. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली आणि बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी हा सगळा पट्टा म्हैसूर राज्यात गेला. म्हणजे तीन वर्षांनी गदा उचलली तेव्हा एकसंबा कागदावर म्हैसूरचं गाव होतं. पैलवानाची माती कोल्हापूरची, गाव म्हैसूरचं, भाषा मराठी आणि केसरी हिंदचा. खंचनाळ्यांचं कर्तृत्व इतकं मोठं की ते ह्या रेघांच्या पलीकडे गेलं. मला प्रश्न पडतो तो त्यांच्या मागे राहिलेल्यांचा. एक हिंदकेसरी होतो तेव्हा त्याच्या वयाचे, त्याच तालमीत घुमलेले शेकडो जण काहीच होत नाहीत. ते जत्रेत लढतात, शंभराचं, पाचशेचं, हजाराचं इनाम घेतात, फेटा बांधून घेतात आणि तिशीच्या आत संपतात. खुराक बंद होतो, शरीर सुटतं, गुडघा बोलायला लागतो. आणि एक दिवस ते निळा शर्ट घालून गोव्यात एखाद्या इमारतीच्या फाटकावर बसतात.

आता आपल्याकडचे लोक ह्यावर काय म्हणतात ते बघू. मी तीन उत्तरं ऐकली आहेत.

पहिलं उत्तर, "शिकायला हवं होतं." हे आम्हा शिकलेल्यांचं आवडतं उत्तर. मी स्वतः बी.ए., मराठी विषय घेऊन. त्यावर मी काय झालो, तर कारकून. मला शिक्षणाची किंमत माहीत आहे, पण हे उत्तर मला पटत नाही. पहाटे चारला उठून हजार जोर, दुपारी झोप, संध्याकाळी पुन्हा मातीत, असा दिवस दहा-बारा वर्षं काढणाऱ्यानं शिकायचं कधी? आणि खाशाबा जाधव तर शिकलेले होते! १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आल्यावर त्यांनी काय केलं? कुस्त्यांची मैदानं भरवून त्या पैशातून प्राचार्यांचं कर्ज फेडलं. १९५५ साली पोलिसात फौजदार झाले. १९८४ साली अपघातात गेले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर पंधरा-सोळा वर्षांनी. त्यांच्यानंतर वैयक्तिक पदक यायला ४४ वर्षं लागली. ते १९९६ साली लिअँडर पेसनं आणलं. लिअँडरचे वडील वेस पेस मूळचे गोव्याचे, म्हणून आपण त्याला 'आपला' म्हणतो. म्हणू या, जरूर म्हणू या. पण त्याच्या मागच्या रांगेत जो माणूस ४४ वर्षं एकटा उभा होता तोही आपलाच आहे, हे किती गोमंतकीय मराठी लेखकांनी लिहिलं?

दुसरं उत्तर, "सरकारनं मानधन द्यावं." सरकार काही करत नाही असं मी म्हणणार नाही. महाराष्ट्रात हिंदकेसरी, महाराष्ट्र केसरी झालेल्यांना मानधन मिळतं. नरसिंग यादव, विजय चौधरी ह्यांच्यासारखे लागोपाठ तीनदा महाराष्ट्र केसरी झालेले पैलवान पोलीस उपअधीक्षक झाले. चांगली गोष्ट आहे. पण ही सगळी व्यवस्था गदा मिळालेल्यांची. जत्रेतल्या पैलवानाकडे कागद कुठला? त्याचा सगळा पुरावा म्हणजे भिंतीवर चिकटवलेलं, पावसात गळून गेलेलं पोस्टर, वस्तादाची आठवण आणि मोडलेले कान. त्यातले कान तेवढे उरतात, आणि कानाची झेरॉक्स अर्जाला जोडता येत नाही.

हे मी थट्टेनं लिहीत नाही. बारा-तेरा वर्षांपूर्वी माझ्या टेबलावर एक अर्ज आला होता. खातं कुठलं ते सांगत नाही, माणूस कोण तेही नाही. गोव्यातल्या किनाऱ्याकडचा जुना फुटबॉलपटू. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी मदत हवी होती. अर्जाला वर्तमानपत्राची पिवळी पडलेली कात्रणं जोडलेली, एका ढालीबरोबरचा फोटो, फोटोत ह्याच्या डोक्याभोवती शाईनं गोल केलेला. नियमात लागणारं प्रमाणपत्र नव्हतं. मी इंग्रजीत शेरा मारला, त्याचा मराठी अर्थ असा : 'आवश्यक दाखला जोडलेला नाही, सबब अर्ज परत करण्यात यावा.' साहेबांनी सही केली. तो माणूस दोनदा येऊन गेला. जिना चढताना कठडा धरून चढायचा. दुसऱ्यांदा आला तेव्हा मी जेवायला गेलो होतो. मुद्दाम नाही, पण लवकर परतलोही नाही. तिसऱ्यांदा तो आला नाही. माझा शेरा नियमाला धरून होता आणि आजही कुणी त्यात चूक काढू शकणार नाही. म्हणूनच तो मला खुपतो.

तिसरं उत्तर नव्या पिढीचं, "लीग काढा, पैसा आणा, सगळं सुटेल." २०१४ साली प्रो कबड्डी आली आणि खेड्यातल्या पोरांना कधी स्वप्नातही न दिसलेले आकडे दिसले. २०२५ साली मुंबईत रग्बीचीसुद्धा लीग झाली. माझा विरोध नाही. घामाला पैसा मिळाला तर मला आनंदच आहे, वर १८९५ ची गोष्ट त्यासाठीच सांगितली. पण म्हाताऱ्याचा प्रश्न पगाराचा नव्हता, हे लक्षात घ्या. पगाराचा आकडा ऐकून झाल्यावर त्यानं तो प्रश्न विचारला होता.

त्याचं उत्तर रग्बीत काय आहे? सॅम वॉरबर्टन नावाचा वेल्सचा खेळाडू. हाच, मागच्या ओळीतला, सात नंबरचा. वेल्सचा कर्णधार, ब्रिटिश आणि आयरिश लायन्स संघाचा दोन दौऱ्यांत कर्णधार. २०१८ साली, वयाच्या २९ व्या वर्षी त्यानं खेळ सोडला. शस्त्रक्रियांनंतर शरीर साथ देईना. आपल्याकडे २९ व्या वर्षी कारकुनाच्या नोकरीचं प्रोबेशन संपलेलं असतं! न्यूझीलंडचा रिची मॅकॉ, तोही सात नंबरचा, १४८ कसोटी सामने खेळला, दोन विश्वचषक जिंकून २०१५ साली निवृत्त झाला. पण त्यातला २०११ चा विश्वचषक तो पायाचं हाड मोडलेलं असताना खेळला आणि लोकांनी त्याचं कौतुक केलं. मोडलेल्या पायानं खेळणं हे तिथंही शौर्यच आहे. आणि अॅलिक्स पॉपम, वेल्सचाच, मागच्या ओळीतला. २०२० साली, चाळिसाव्या वर्षी डॉक्टरांनी त्याला स्मृतिभ्रंश सुरू झाल्याचं सांगितलं. चाळीस! माझ्याहून लहान. वर्षानुवर्षं डोक्याला बसलेल्या धक्क्यांचा हा परिणाम. म्हणजे पैसा आला तरी शरीर मोडायचं ते मोडतंच. उलट पैशामुळे खेळाडू अधिक वजनदार आणि वेगवान झाले, टक्कर अधिक जोरात व्हायला लागली, असं तिथलेच लोक म्हणतात.

मग रग्बीत आणि आपल्या मातीत फरक तो काय? मला फरक दिसतो तो एवढाच, की तिथं नुकसान मोजलं जातं. करार असतो. खेळाडूंची स्वतःची संघटना असते. डोक्याला मार बसला असा संशय आला तर सामन्यातून बाहेर काढून तपासतात. इंग्लंडात तर दुखापतींची वर्षावार नोंद होते आणि ती छापली जाते. पॉपम आणि त्याच्यासारखे शेकडो माजी खेळाडू खेळाच्या संस्थांविरुद्ध कोर्टात गेले आहेत. आम्हाला धोका सांगितला नाहीत, असं त्यांचं म्हणणं. ते जिंकतील की हरतील ते कोर्ट ठरवील. पण कोर्टात जायला हातात कागद लागतो, तो त्यांच्याकडे आहे. कुठल्या सामन्यात, कुठल्या तारखेला, कुणाच्या खांद्याला डोकं लागलं हे ते दाखवू शकतात. आमच्या जत्रेत मान मोडलेल्या पोराची नोंद कुठं असते? गावच्या लोकांच्या बोलण्यात. "ते पोरगं व्हय, चांगलं होतं हो, पन लागलं त्याला." संपलं. जे मोजलं जात नाही ते घडलंच नाही असं सरकारी टेबलावर धरलं जातं. त्या टेबलामागे मी वीस वर्षं बसलोय.

आता माझं खरं भांडण. ते सरकारशी नाही, आपल्याशी आहे. गोव्यातल्या मराठीप्रेमींशी.

आपल्या साहित्य संमेलनांत सीमाप्रश्नाचा ठराव येतो. बेळगाव, कारवार, निपाणी, खानापूर ही नावं वाचली की टाळ्या पडतात. मीही टाळ्या वाजवल्या आहेत. आणि संमेलन संपवून घरी येतो तेव्हा इमारतीच्या फाटकावर त्याच खानापूरचा एक म्हातारा उठून उभा राहतो, गेट उघडतो, आणि आपण त्याला म्हणतो, "भैया, गाडी का नंबर लिखा क्या?"

हिंदीत! वाचकहो, मडगावातल्या आमच्या इमारतीत चार वर्षं एक वॉचमन होता. मी त्याच्याशी चार वर्षं हिंदीत बोललो. तोही बिचारा मोडक्यातोडक्या हिंदीत उत्तर द्यायचा. तो नोकरी सोडून गेल्यावर मला कळलं की तो बेळगावकडचा मराठी माणूस होता. मला विचारावंसं वाटलं नाही, कारण माझ्या डोक्यात वॉचमनची भाषा ठरलेली होती. ज्या मातीसाठी आपण ठराव करतो, त्या मातीतला माणूस आपल्या दारात उभा राहिला की तो मराठी उरत नाही. तो 'घाटी' होतो. हा शब्द आपण किती सहज वापरतो! कोकणीवाले वापरतात तसा मराठीवालेही वापरतात, त्यात आपली एकजूट आहे. धिरयोच्या रेड्यासाठी कायद्याची बंदी मोडून गर्दी करणारे आपण, त्या रेड्याला काय खाऊ घालतात, त्याच्या शिंगांची निगा कशी राखतात हे सांगू शकतो. फाटकावरच्या माणसाचे कान असे का, हे मात्र विचारत नाही.

कुणी म्हणेल, भाषेचा प्रश्न वेगळा आणि पैलवानाच्या गुडघ्याचा वेगळा, उगाच सरमिसळ कशाला? मला तो वेगळा वाटत नाही. भाषा हवेत राहत नाही, ती कुणाच्या तरी तोंडात राहते, आणि ते तोंड ज्या धडावर असतं त्या धडाला गुडघेही असतात. खानापूरचा मराठी माणूस आपल्याला नकाशावर हवा आणि माणूस म्हणून नको असेल, तर आपलं प्रेम नकाशावर आहे, मराठीवर नाही.

नुसतं झोडपून थांबलो तर तेही एक भाषणच होईल. म्हणून अगदी कारकुनी पद्धतीच्या तीन सूचना करतो. जत्रेत, शिगम्यात, वाड्यावरच्या मैदानात, जिथं जिथं कुस्ती, कबड्डी, फुटबॉल होतो तिथं समितीनं एक वही ठेवावी. कोण खेळलं, कुणाविरुद्ध, तारीख, इनाम, आणि कुणाला कुठं लागलं. खाली सही आणि शिक्का. दीडशे रुपयांची वही आणि तीनशे रुपयांचा शिक्का. वीस वर्षांनी एखाद्याच्या अर्जाला तेच पान जोडता येईल आणि माझ्यासारख्या कारकुनाला शेरा मारताना हात अडेल. दुसरं, मंडप, माईक आणि पुढाऱ्यांचे हार ह्यांच्या आधी, जमलेल्या वर्गणीतला दहावा हिस्सा खेळणाऱ्यांच्या अपघात विम्यासाठी काढावा. कुठल्याही गावाला हे जड नाही. तिसरं, साहित्यिकांसाठी. पुढच्या संमेलनात सीमाप्रश्नाचा ठराव मांडाल तेव्हा मांडणाऱ्याच्या शेजारी त्या भागातून येऊन गोव्यात राबणाऱ्या एखाद्या माणसाला बसवा आणि त्याला बोलू द्या. त्याची मराठी शुद्ध नसेल. ऐकायची सवय करून घ्या.

लोंढ्याला गाडी शेवटी साडेतीन तासांनी सुटली. म्हातारा माझ्याच डब्यात आला. चढताना त्यानं आधी पिशवी आत टाकली, मग दांडा धरला आणि उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून पायरीवर ठेवला. कॅसलरॉक येईपर्यंत त्यानं आपल्या कुस्त्यांच्या गोष्टी सांगितल्या. कुठल्या जत्रेत कुणाला कुठल्या डावावर पाडलं, हलगी कशी कडाडली, इनामाच्या पैशातून बहिणीच्या लग्नात काय केलं. गुडघा कसा गेला ते मी विचारलं तेव्हा म्हणाला, "ते काय सांगायचं सायेब, मीच चुकलो. पाय आत घेतला न्हाई." चाळीस वर्षांनंतरही तो त्याला स्वतःचीच चूक समजत होता.

मडगावला कुठं जाणार, विचारलं. "ड्यूटीवर जाऊलालो," म्हणाला. नवीन इमारत आहे, रात्रपाळी आहे, रात्रभर खुर्ची मिळते म्हणून बरं आहे. त्याचं नाव मी लिहीत नाही, कारण लिहू का असं मी त्याला विचारलं नव्हतं.

त्या फुटबॉलपटूची फाईल कधीच बंद झाली, ती आता उघडता येत नाही. पण आमच्या फाटकावर नवा वॉचमन आलाय. परवा मी त्याला मराठीत विचारलं, "गाव कुठलं?"

"नंदगड, सायेब. खानापूर तालुका," तो म्हणाला, आणि खुर्चीवरून उठायला लागला.

"बसा, बसा," मी म्हटलं.

असो. पटलं तर वही विकत घ्या.